जळकोटला नेलेले तिरंदाज

मी, श्रीमती भुवनेश्वरी राजशेखर हत्तुरे, वय ६३ वर्षे, व्यवसाय पूर्वी शिक्षिका, सध्या घरकाम, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी लग्न झाल्यापासून राहते. माझे पती राजशेखर यांचे हायवेलगत हार्डवेअर व रंगाचे दुकान होते. त्यांचे या फेब्रुवारीत आजाराने निधन झाले. मुलगा विरेश हा हैदराबाद येथे नोकरीस आहे. पतींच्या निधनानंतर त्याने मला काही दिवस आपल्याकडे नेले. त्या काळात आमच्या बंद घरातून रंगवलेल्या लहान सैनिकांची एक पेटी अण्णाराव शांतलिंग कलशेट्टी, राहणार जळकोट, यांनी चोरून नेली, अशी तक्रार विरेशने या ठाण्यात दिली आहे. पेटी अण्णारावांच्या घरी मिळाली आहे. ती त्यांनीच नेली, हे खरे आहे. ती चोरी नाही, असे माझे सांगणे आहे. त्यांच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होऊ नये म्हणून मी हैदराबादहून आले आहे.

महिला अंमलदार हर्षाली मॅडम यांनी सुरुवातीस 'खेळणी' असे टाइप केले होते. माझ्या विनंतीवरून तेथे 'सैनिक' असे केले आहे.

हे सैनिक बोटाच्या एका पेराएवढे, कथलाचे असतात. माझ्या पतींना ते जमवण्याचा व रंगवण्याचा नाद लग्नाआधीपासून होता. पूर्वी ते परदेशातून टपालाने यायचे, अलीकडे पुण्यात तसे थ्रीडी प्रिंटरवर छापूनही मिळतात. येतात ते कोरे. त्यांना घासून, आधी काळा हात देऊन, मग एकेक रंग चढवावा लागतो. दख्खनी पागोट्याचा सैनिक सहसा मिळत नसे. त्यामुळे माझे पती परदेशी मुंडक्यांवर नळाला लावायच्या पुट्टीने पागोटी वळायचे. सगळे झाल्यावर पातळ तपकिरी पाणी सोडायचे, ते अंगरख्याच्या चुण्यांत उतरायचे आणि कथील कापडासारखे दिसू लागायचे. डोळे सर्वांत शेवटी. डोळे काढताना ते श्वास रोखून धरत आणि मी कुकरची शिट्टी होऊ देत नसे.

फौज दुकानातून आणलेल्या, स्क्रू ठेवायच्या खणांच्या कपाटात असे. खणांवर चिठ्ठ्या होत्या. घोडदळ, बंदूकवाले, तिरंदाज, तोफा, हत्ती. मोडलेल्या भाल्यांच्या आणि सुटलेल्या हातांच्या खणावर 'दवाखाना' असे लिहिले होते.

अण्णाराव हे माझ्या पतींचे शाळेपासूनचे मित्र. जळकोटला त्यांची द्राक्षबाग आहे. दर रविवारी जेवण करून ते मोटारसायकलवर आमच्याकडे येत, मागे पत्र्याची पेटी बांधून. आदिलशाही माझ्या पतींची, निजामशाही अण्णारावांची. जेवणाच्या टेबलावर प्लायवुड टाकायचे, त्यावर थर्माकोलचा किल्ला मांडायचा आणि निळ्या काचेची बोरी नदी. कोण किती चालला हे दुकानाच्या टेपने मोजत आणि कोण पडला हे फाशांवर ठरे. नियमांचे पुस्तक इंग्रजीत होते. माझे शिक्षण सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये झाले असल्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बसून ते मराठीत उतरवून दिले. पुस्तक संपले की हा नाद संपेल, असे मला तेव्हा वाटले होते.

अण्णाराव टेबलाशी बसले की घरात आवाज व्हायचा.

"शेखर, तुझा हत्ती बघ की. गाभण म्हशीवानी दिसायलाय."

"आणि तुझी घोडी? बाजारात कुणी घेतली न्हाईत म्हणून आणलीस व्हय इकडं?"

"वैनी, च्या आदी ह्याला द्या. हरल्यावर ह्याच्या घशाखाली उतरत न्हाय."

मी दोघांना एकदमच चहा देत असे.

एक नियम त्या पुस्तकात नव्हता, तो या दोघांचा होता. लढाईत चारी बाजूंनी वेढला गेलेला सैनिक मारायचा नाही, तो कैदी. ज्याने धरला त्याने तो आपल्या घरी न्यायचा, आठवडाभर सांभाळायचा आणि पुढच्या रविवारी परत आणायचा. परत आणताना कैद्याच्या अंगावर ओरखडा असता कामा नये. शेजारच्या सत्यभामाबाईंनी अण्णारावांना आमच्या घरातून पेटी नेताना पाहिले, असे त्यांनी सांगितले आहे. त्या खरे बोलत आहेत. पण आमच्या घरातले सैनिक जळकोटला जाणे आणि परत येणे हे त्यांनी कित्येक वर्षे पाहिले आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या पतींना कंपवाताचा त्रास सुरू झाला. औषध चालू होते. रंगवणे त्यांनी थांबवले नाही. उजवे मनगट डाव्या हाताने धरून ते रंगवीत. एकदा एका घोडेस्वाराचा डोळा कानापाशी गेला. ते त्याला चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी तो खणात ठेवून दिला. मी त्या वेळी कपडे घडी करत होते. मी तेच करत राहिले.

त्याच सुमारास अण्णाराव वेगळेच खेळू लागले. किल्ला घ्यायचे सोडून ते कोपऱ्यातल्या चार-दोन सैनिकांच्या मागे लागत. माझे पती त्यांच्यावर ओरडत.

"अण्ण्या, डोकं ठिकाणावर हाय का? दरवाजा सताड उघडाय तुझ्यासाठी!"

"दरवाजा कुटं पळून चाललाय? ह्यो मिशीवाला पळंल."

"कसला पडलाय तो मिशीवाला तुला?"

"लई दिवस नजर व्हती त्येच्यावर."

लढाई अण्णाराव हरत आणि कैदी घेऊन जात. पुढच्या रविवारी कैदी परत येत तेव्हा त्यांचे डोळे जागेवर असत. मिशी ओठांवर असे, अंगरख्याची किनार सरळ असे. दोन्ही फौजा पुसून ठेवण्याचे काम माझे होते, म्हणून मला कळले. माझे पती डोळ्यांत निव्वळ पांढरा भरत, अण्णाराव त्यात किंचित निळा घालतात. द्राक्षाच्या काडीवर कलम बांधणारा त्यांचा हात आहे, बाकी काही ओळखू येत नसे. आणलेले कैदी ते मुकाट्याने टेबलावर मांडत आणि लगेच पाऊसपाण्याचे बोलू लागत. मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनीही मला काही सांगितले नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझे पती अंथरुणाला लागले आणि रविवारची लढाई थांबली. पलंगावर पाट घेऊन त्यांनी तिरंदाजांची एक तुकडी रंगवली. तिला फार दिवस लागले. ती त्यांची शेवटची. हे तिरंदाज मैदानात कधी उतरले नाहीत, त्यामुळे कुणाचे कैदी झाले नाहीत. अण्णाराव रविवारी येत, पलंगाशी बसत आणि छाटणीला माणसे मिळत नसल्याचे सांगत. तिरंदाजांची पेटी उशाशी असे. ते तिच्याकडे बघत, पण कैदी नाही तर नेणार कसे.

पतींच्या निधनानंतर सगळी फौज विकण्याचे विरेशने ठरवले. त्यास माझी संमती होती. मी आता हैदराबादला राहावे असे त्याचे म्हणणे आहे आणि तिथे एवढ्या मोठ्या टेबलाला जागा नाही. बेंगळुरूचे एक गृहस्थ बघायला येणार होते. घराची किल्ली मी अण्णारावांकडे ठेवली होती, म्हणून विरेशने त्यांना फोन केला. मी शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. विरेश म्हणाला, "काका, रविवारी घर उघडून ठेवा. ते एकेक सैनिक भिंगाखाली धरून बघतात म्हणे, मगच घेतात." मग अण्णाराव म्हणाले, "समदेच बघणार व्हय?" विरेश म्हणाला, "सगळेच."

रविवारच्या आधी विरेश सामान बांधायला नळदुर्गला आला, तेव्हा तिरंदाजांची पेटी जागेवर नव्हती. त्याने फोनवर विचारले. अण्णारावांनी सांगितले, "म्या न्हेलीय. दोन दिसांनी आणून देतो." कशासाठी, यावर ते बोलले नाहीत. विरेशने पुन्हा पुन्हा विचारले. बाबा जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि त्यांचा जिवलग मित्र कुलूप उघडून त्यांची वस्तू नेतो आणि कारणही देत नाही, याचा त्याला संताप आला. माझा मुलगा वाईट नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही हेच केले असते.

ठाण्यात आणल्यावरही अण्णारावांनी "व्हय, म्या न्हेली" याखेरीज काही सांगितले नाही, असे मला अंमलदारांकडून समजले.

आज सकाळी मला ओळखण्यासाठी पेटी दाखवण्यात आली. ती मी ओळखली. आतील तिरंदाज माझ्या पतींनी रंगवलेले आहेत. त्यांपैकी काहींचे डोळे जागेवर होते आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात किंचित निळा होता. उरलेल्यांचे डोळे माझ्या पतींनी काढले तसेच होते. एकाचा गालावर होता. एकाला तीन होते. एकाच्या तोंडावर ब्रश इतक्या वेळा फिरला होता की चेहरा राहिला नव्हता. विरेश माझ्याजवळ उभा होता. त्याने तो उचलला, उजेडात धरला, परत ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला.

माझ्या पतींचा थरथरता हात कुणा परक्याने भिंगाखाली धरून बघू नये आणि नाक मुरडू नये, म्हणून अण्णारावांनी पेटी नेली. रविवारपर्यंत तिरंदाज दुरुस्त करून ते ती परत ठेवणार होते. हे त्यांनी पोलिसांना सांगितले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण मग गेल्या चार वर्षांतले इतर सैनिक कुणाच्या हातचे आहेत, हेही निघाले असते.

काही वेळाने विरेश आत आला आणि बाकावर अण्णारावांशेजारी बसला. त्यांच्यातील बोलणे मी ऐकले, ते असे.

"काका, एक शब्द बोलला असता तर मी इथं आलो असतो का?"

"तुझं काय चुकलं न्हाय, लेका."

"पण सांगायचं ना."

"काय सांगायचं? तुझ्या बापाचं काम हाय त्ये. त्येच्याच नावावर ऱ्हाऊ दे."

विरेशने त्यांचा हात धरला होता. तक्रार पुढे चालवायची नाही, असा अर्ज तो देत आहे. अण्णारावांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. किल्ली मी स्वतः त्यांना दिली होती. पेटी त्यांच्याकडेच द्यावी. उरलेले तिरंदाज दुरुस्त करायचे की तसेच ठेवायचे, याबाबत मी त्यांना काही सांगितलेले नाही. फौजेचे काय करायचे हे मी आणि विरेश घरी बसून ठरवू. बेंगळुरूच्या गृहस्थांना येऊ नका असे कळवले आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती तक्रारीशी संबंधित नाही, तरी जबाब खरा असावा लागतो म्हणून सांगते.

विरेश अर्ज लिहायला उठला तेव्हा अण्णारावांनी मला जवळ बोलावले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी विचारले, "वैनी, येकच सांगा. शेखरला कळलं व्हतं का वो, म्या काय करायलो त्ये?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडावरून फिरवली आणि म्हणाले, "मंग बरं झालं. लई बरं झालं."

मी त्यांना दिलेले उत्तर खरे नाही. माझ्या पतींना पहिल्या महिन्यातच कळले होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. शेवटच्या वर्षी त्यांच्या हाताने सैनिक आडवे पडत, म्हणून फौज मांडण्याचे काम मी करत असे. ते खुर्चीतून सांगत. एका रविवारी अण्णाराव यायच्या आधी त्यांनी स्वतः रंगवलेले पाच बंदूकवाले माझ्या हातात दिले आणि पार कडेला, फौजेपासून लांब ठेवायला सांगितले. मी म्हणाले, "अहो, इथं एकटे सापडतील की."

ते म्हणाले, "सापडू दे. अण्ण्याला शोधत बसायला नको. त्याचीही नजर आता कमी झालीय."

मग ते हसले. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला तसे त्यांनी मला खुणेने गप्प केले, आणि अण्णाराव दारात दिसताच नेहमीसारखे ओरडले, "आलास? आज एक कैदी नेऊ देणार न्हाई तुला!"

त्यानंतर दर रविवारी मी तसेच सैनिक तिथेच मांडत गेले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला शेवटपर्यंत काही कळू दिले नाही. आता कळवणे माझ्या हाती आहे, आणि मी ते करणार नाही. जबाबाचा हा शेवटचा भाग अण्णाराव कलशेट्टी यांना दाखवू नये व सांगू नये, अशी माझी विनंती आहे. कायद्याने दाखवावाच लागत असेल तर आधी मला बोलवावे.

हा जबाब मी सांगेन तसा संगणकावर उतरवण्यात आला. अण्णाराव बाहेरच्या बाकावर बसले असल्याने हर्षाली मॅडम यांनी माझ्या सांगण्यावरून आतल्या खोलीचे दार लावून घेतले व संपूर्ण जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे व खरा आहे.

समक्ष
(सही) भुवनेश्वरी राजशेखर हत्तुरे