विचारल्याशिवाय नाही

(टीमप्रमुख दातांच्या दवाखान्याबाहेर. प्रोग्रामर आणि टेस्टर ऑफिसात, फोन स्पीकरवर.)

प्रोग्रामर : अहो मॅडम, होतात कुठे? इथे आमचा जीव टांगणीला लागलाय!

प्रमुख : दाढ काढली रे. अर्धं तोंड बधिर आहे. बोल पटकन.

प्रोग्रामर : आपलं गोळ्यांची आठवण देणारं अ‍ॅप... सकाळी नवीन व्हर्जन टाकलं ना, ते गडबड करतंय. माणसानं 'घेतली' म्हणून बटण दाबलं, तरी थोड्या वेळानं परत वाजतं. 'गोळी राहिली' म्हणतं.

प्रमुख : अरे देवा! म्हणजे म्हातारी माणसं परत घेणार!

प्रोग्रामर : तेच ना.

प्रमुख : मग जुनं व्हर्जन परत आणलंस ना?

प्रोग्रामर : नाही.

प्रमुख : नाही? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

प्रोग्रामर : तुमची परवानगी नव्हती. फोन लावून लावून बोटं झिजली माझी.

प्रमुख : असल्या वेळी कसली परवानगी!

प्रोग्रामर : मागे टेस्टरबाईंनी न विचारता एक व्हर्जन थांबवलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांची बिनपाण्यानं केलीत. 'माझ्याशिवाय पान हलता कामा नये.' तुमचेच शब्द.

प्रमुख : आण जुनं. आत्ताच्या आत्ता.

प्रोग्रामर : आणतोय... झालं. थांबलं वाजायचं.

प्रमुख : आता सगळ्यांना कळव, दुसरी गोळी घेऊ नका म्हणून.

प्रोग्रामर : मजकूर लिहून तुम्हाला दाखवतो.

प्रमुख : मला नको दाखवूस! सरळ पाठव.

प्रोग्रामर : आणि चुकला तर?

प्रमुख : तर माझ्यावर ढकल. पाठव रे बाबा! कुणी घेतली तर नाही ना दुसरी?

टेस्टर : एका आजींनी घेतलीय, मॅडम. रक्तदाबाची. घरी एकट्याच आहेत, गरगरतंय म्हणतात.

प्रमुख : अगं बाई! मग?

टेस्टर : त्यांना आडवं व्हायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवलीय, ऑफिसच्या खर्चानं. न विचारता.

प्रमुख : बरं केलंत. फार बरं केलंत हो. कशा आहेत त्या?

टेस्टर : बोलतायत अजून. माझ्या कानाला त्यांचाच फोन आहे. तुमचा ठेवू का?

प्रमुख : ठेवा ना! हे काय मला विचारायचं?

टेस्टर : सवय लागलीय, मॅडम.