दसऱ्याची मोटार

बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलो आणि माझा पहिला खटला आमच्याच दारात उभा राहिला, ऐका. दसऱ्याला पूजा करून धंतोलीत घरासमोर उभ्या केलेल्या आमच्या मोटारीला एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीनं समोरून ठोकलं. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस आला.

"साहेब म्हणून राहिले, तुमचीच मोटार पुढे आली. साहेब खोटं बोलतीन काय? भरपाई नाही मिळत."

मी न्याय आणि सत्यावर अर्धा तास बोललो. तो जांभया देत होता.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. "काहून गा भाऊ, मोटार पुढे आली असती तं चाकांपुढे ठेवलेली पूजेची लिंबं फुटली नसती काय? जरा वाकून पाह्य!"

तो वाकला. दोन्ही लिंबं अखंड होती.

भरपाई पूर्ण मंजूर झाली! अहवालात साक्षीदारांच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'लिंबं, नग दोन.'