पुलावरची फाटकी जाळी

यार, माझ्यासमोर यमुना-सफाईच्या बैठकीचं नाव काढू नकोस. परवा पुलावरच्या फाटक्या जाळीवर अख्खी सकाळ गेली. पूलवाले म्हणाले, जाळी पालिकेची. पालिकावाले म्हणाले, पूलच आमचा नाही. पाटबंधारेवाले म्हणाले, आमचं फक्त खालचं पाणी. शेवटी अध्यक्ष, म्हणजे आमचेच साहेब, भडकले. "लोग उसी छेद से पूजा का कचरा फेंकते हैं, शर्म नहीं आती?" मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी बोललं.

परतताना साहेबांनी पुलावर गाडी थांबवली. डिकीतून घरच्या निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्याच भोकातून नदीत टाकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब मात्र हात पुसत गाडीत बसले आणि म्हणाले, "अच्छा हुआ जोशीजी, जाली अब तक रिपेअर नहीं हुई."