बिनविरोध

आई: थांबलीस का? वाच पुढं. इंग्रजीत वाच आणि मराठीत सांग, कालच्यासारखं.

सुनेत्रा: आई, रविवारी मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये तुम्ही मला फक्त शाल घालायची आहे. माझ्या पुस्तकावर भाषण नाही करायचं.

आई: आणि प्लेनोहून येणाऱ्या बायकांनी विचारलं, सुनेनं लिहिलंय काय, तर? ‘जाड आहे’ म्हणून सांगू? चौथीत शाळा सुटली माझी, अक्कल नाही सुटली. इथं परदेशात, अख्ख्या शुगर लँड गावात लोकशाहीवर पुस्तक लिहिणारी सून एकट्या माझ्या घरात आहे. बाकीच्यांच्या सुना मायक्रोवेव्हात पापड भाजतात.

सुनेत्रा: मीही भाजते.

आई: तू लिहून झाल्यावर भाजतेस. वाच.

सुनेत्रा: बरं. तिसरं प्रकरण. मी म्हणते, सगळे ‘हो’ म्हणाले म्हणजे सगळ्यांना पटलं, असं धरून चालू नये. ‘नाही’ म्हणायची सोय होती का, ते आधी बघावं. ती नसेल, तर त्या ‘हो’ला किंमत नाही.

आई: सोय म्हणजे?

सुनेत्रा: म्हणजे ‘नाही’ म्हटलं तर कुणी वाळीत टाकणार नाही, रुसणार नाही, चारचौघांत मान खाली घालावी लागणार नाही.

आई: हे झकास लिहिलंयस हं. यासाठी टाइपरायटर बडवत होतीस होय! मला वाटायचं, मोठमोठे शब्द असतील नुसते. हे तर माझ्यासारखीलाही कळतंय. लोकांना कळेल असं लिहायला डोकं लागतं बाई.

सुनेत्रा: आई, एक विचारू? नीलानं मंडळाच्या अध्यक्षपदासाठी दिलेलं नाव मागं का घेतलं?

आई: मी घ्यायला लावलं! अगं, अध्यक्ष बिनविरोध झाला की शोभा असते. हेमूच्या वडिलांना गावच्या सोसायटीवर बिनविरोध घेतलं, तेव्हा मान दिसेना एवढे हार पडले होते. आता एकाच स्टेजवर तुझी शाल आणि माझ्या लेकाचं, हेमूचं अध्यक्षपद. घरी आल्यावर दोघांची दृष्ट काढणार आहे मी.

सुनेत्रा: काय म्हणालात तिला?

आई: वाईट काही नाही गं. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती ना? ओटी भरता भरता म्हटलं, “नीला, यंदा आमच्या हेमूला होऊ दे हं.” “बरं मावशी” म्हणाली.

सुनेत्रा: सगळ्या बायकांसमोर?

आई: खोली भरली होती. तू आत कॉफी करत होतीस.

सुनेत्रा: पदर पसरून उभी होती ती. तुम्ही पदरात नारळ घालत होतात. तिनं ‘नाही’ म्हणायचं कसं, आई?

आई: म्हणजे माझं चुकलं म्हणतेस?

सुनेत्रा: रागावलात?

आई: गप्प बस जरा.

सुनेत्रा: बरं.

आई: मला बघायला आले ना, तेव्हा पाटावर बसवलं होतं. पाहुण्यांसमोर वडिलांनी विचारलं, “पसंत आहे ना गं?” मी आपली पाटाच्या नक्षीकडे बघत राहिले. मामा म्हणाले, “लाजली! म्हणजे पसंती आहे.” लगेच साखर वाटली.

सुनेत्रा: हे कधी बोलला नाहीत.

आई: विचारलं कुणी? आज तुझ्या पुस्तकानं विचारलं. तो फोन दे इकडं. आणि नंबर तू सांग.

(आई फोनची तबकडी फिरवतात.)

आई: नीला? हेमूची आई बोलतेय. ते नाव मागं घेतलंस ना… नाही गं, रागावून नाही. ओटी भरताना विचारलं, ते माझं चुकलं. ओटी ती ओटी, निवडणूक ती निवडणूक. तुला उभं राहायचं असेल तर राहा… अगं पण थांब! आता माझ्या भिडेनं लगेच ‘बरं मावशी’ म्हणू नकोस. नीट विचार कर, आणि मला नको, मंडळाला कळव. ठेवते.

सुनेत्रा: आई, शाल आता तुम्हाला घालायला हवी.

आई: पुरे. हेमू आला बघ. तोंड का असं?

हेमचंद्र: आई, अगं, हे काय ऐकतोय मी दारातून? नीला कॉन्टेस्ट करणार? तिच्या गॅरेजमध्ये सगळ्यांची पोरं मराठी शिकतात. सगळे तिलाच व्होट करतील. सगळ्यांसमोर पडणार मी!

आई: महिन्यातले पंधरा दिवस तू रिगवर. मंडळाचा गणपती कोण बसवणार, तुझी तेलाची विहीर? पडलास तर पडलास. घरी ये, गरम वाढीन.

हेमचंद्र: आणि तू? तुझं व्होट कोणाला?

आई: हे विचारायचं असतं का गं, सुनेत्रा?

सुनेत्रा: नसतं.

आई: ऐकलंस? पुस्तक लिहिलंय तिनं. जा, हातपाय धुऊन ये.

सुनेत्रा: आई…

आई: आता काय?

सुनेत्रा: त्या दिवशी पाटावर ‘नाही’ म्हणायची सोय असती, तर काय म्हटलं असतं तुम्ही?

आई: ‘हो’च म्हटलं असतं गं. भला माणूस होता. पण ते मी म्हटलं असतं.