बंद दुकानातला घड्याळजी

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. पुढच्या बाई एकदा फोनकडे, एकदा डोळ्याला भिंग लावून बसलेल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे बघत होत्या.

"काका, तुमचं दुकान बंद आहे."

"मग तुम्ही आत कशा आलात?"

"फोनवर लिहिलंय हो. 'कायमचं बंद.' दार उघडं दिसलं म्हणून डोकावले."

"तरीच तीन महिने माशा मारतोय! मला वाटलं, लोकांनी घड्याळं घालायचीच सोडली."

"खाली अभिप्रायही आहेत. 'फार भला माणूस होता.'"

"होता?"

"चौघांनी हात जोडलेत. एकाने फुलं वाहिलीत."

"अरे देवा! आणि तारे किती दिलेत?"

"पाचपैकी पाच. आधी साडेतीन होते."

"बघा, जिवंतपणी कुणाला किंमत नसते."

"मी दुरुस्त करून देते. 'सुरू आहे' एवढंच दाबायचंय."

"थांबा हो, घाई काय आहे? अजून कोण कोण हळहळलंय?"

"कोपऱ्यावरचे घड्याळवाले."

"तो? बावीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही! वाचा, वाचा."

"'असा कारागीर पुन्हा होणे नाही.'"

"बघा! शेवटी मनातलं ओठांवर आलंच. दोन दिवस राहू द्या बंद. काही बिघडत नाही."

"पुढे आहे अजून. 'जाताना सगळी विद्या मला देऊन गेले. त्यांच्या गिऱ्हाइकांनी आता माझ्याकडे यावं.'"

"बाई, दाबा ते बटण! आत्ताच्या आत्ता मला जिवंत करा!"