भोजपूरची चौकट

मनोहर : नाही, योगिनी, लेन्समध्येच दोष आहे. फोटोत ही भोजपूरच्या देवळाची चौकट बघ. मधोमध आत वाकलीये. कारखान्यात असा तुकडा माझ्यापुढे तपासणीला आला असता, तर मी तिथल्या तिथे रिजेक्ट केला असता.

योगिनी : मला तर सरळ दिसतेय, बाबा.

मनोहर : सरळ? दगडाने पोट आत ओढून घेतल्यासारखं दिसतंय. कॅमेरा परत करायचा. दिवाळीत घेतलाय, अजून वॉरंटीत आहे.

योगिनी : थांबा, स्क्रीनला पट्टी लावते. हं. वरपासून खालपर्यंत चौकट पट्टीला चिकटून आहे. कुठेही फट नाही.

मनोहर : तुझी ती प्लॅस्टिकची पट्टी.

योगिनी : स्टीलची आहे. तुमचीच, कारखान्यातली.

मनोहर : मग तीही वाकलीये.

योगिनी : बाबा, लेन्सचा दोष असला तर कडेच्या रेषा वाकतात. मधली नाही वाकत. दर वर्षी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते मी हे.

मनोहर : शिकव, शिकव. आणि ते सोड आता. हा फोटो मोठा करून आपल्या मंडळाच्या प्रदर्शनाला द्यायचाय. नावही ठरवलंय, ‘तल्लीन’.

योगिनी : यात तल्लीन काय आहे?

मनोहर : तो हात बघ ना. महाशिवरात्रीची एवढी गर्दी, दारातून नुसता लोंढा उतरतोय, आणि त्यातून एकच हात वर आलाय. दर्शन झालं तरी त्या बाईचं मन अजून पिंडीपाशी आहे. कॅमेऱ्याने आपण होऊन तिच्या चेहऱ्यावर हिरवा चौकोन धरला. मी फक्त बटण दाबलं.

योगिनी : कोण आहे ही बाई?

मनोहर : असेल कोणी. मंडीदीपहून गाड्या भरभरून लोक आले होते काल.

योगिनी : तुम्ही माझी मस्करी करताय का?

मनोहर : कसली मस्करी?

योगिनी : बाबा, ही आई आहे.

मनोहर : छे. नलिनी हिरव्या साडीत होती. हिच्या अंगावर भगवं आहे.

योगिनी : रांगेत सगळ्यांना भगव्या ओढण्या वाटत होते. तिने डोक्यावरून घेतली. पण चेहरा तर उघडा आहे ना? मी मोठा केलाय. अर्धी स्क्रीन भरून आईचा चेहरा आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय.

मनोहर : तिला बोलवू नकोस.

योगिनी : आई, जरा बाहेर ये.

नलिनी : चहा हवा असेल तर आपापला करून घ्या. एका हाताने माझ्याच्याने पातेलं उचलवत नाही.

योगिनी : चहा नको. काल पायऱ्यांवर नेमकं काय झालं?

नलिनी : सांगितलं ना रात्री. पडले, मनगट मुरगळलं. झालं.

योगिनी : हा फोटो बघ.

नलिनी : अजून ठेवलाय वाटतं. मला वाटलं होतं, निदान पुसून टाकतील.

मनोहर : नलिनी, मला खरंच…

नलिनी : योगिनी, तू तेव्हा गाडी आणायला पुढे गेली होतीस. तुला सांगणार नव्हते मी. दारातून बाहेर पडले आणि मागून लोंढा आला. पायाखाली पायरीच लागेना. हे समोर दगडावर उभे होते. मी हात वर केला, अहो, अहो म्हणून ओरडले. हे वळले. सरळ माझ्याकडे वळले, बाप्पा, माझ्या तोंडाकडे. म्हटलं, आता येतील. तर यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग मी खाली गेले. कोण्या पोलीसबाईने काखेत हात घालून ओढून काढलं मला.

मनोहर : लाऊडस्पीकर चालू होता. ऐकू आलं नाही.

नलिनी : ऐकण्याचं नाही विचारत. बघितलंत ना मला?

मनोहर : नाही.

नलिनी : आजवर तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत.

योगिनी : आई, ते खोटं बोलत नाहीयेत. तू बस आधी. बाबा, डावा डोळा हाताने झाका. आता माझ्याकडे बघा. काय दिसतं?

मनोहर : तू दिसतेस.

योगिनी : असं नाही. काय काय दिसतं ते सांगा. सीधा-सीधा.

मनोहर : केस. खांदे. तुझ्यामागची खिडकी.

योगिनी : आणि चेहरा?

मनोहर : तिथे धूर आहे.

नलिनी : धूर? कसला धूर?

मनोहर : ओल्या शाईवरून कोणी अंगठा फिरवावा तसं.

योगिनी : कधीपासून?

मनोहर : दसऱ्याच्या आधीपासून असेल. पण उजव्यालाच होतं. डावाही मधोमध जरा अंधूक होता, पण त्यावर भागत होतं.

योगिनी : म्हणून चेहरे शोधणारा कॅमेरा घेतलात. आणि त्याला डोळा कुठला लावता? उजवाच ना?

मनोहर : जुनी सवय.

नलिनी : थांबा. अंबरीश भावजी तक्रार करत होते, मनोहरराव रस्त्यात ओळख दाखवत नाहीत म्हणून. मी त्यांच्याशी भांडले तुमच्या बाजूने. आणि पेपर माझ्याकडून वाचून घेता ते? म्हणे, हल्ली बारीक छापतात.

मनोहर : बारीक छापतातच.

योगिनी : बाबा, आता उजवा झाका. ती पट्टी बघा. आत्ताही वाकलेली?

मनोहर : थोडी.

योगिनी : डाव्याने हे कधीपासून दिसतंय?

मनोहर : कालपासून. देवळाच्या दारात पहिल्यांदा. म्हटलं, हजार वर्षांचा दगड आहे, खचला असेल. आज सकाळी आपलं दार बघितलं, तर तेही खचलेलं. म्हणून म्हटलं, फोटोत बघू.

योगिनी : म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरी मघापासून लेन्सला नावं ठेवताय?

मनोहर : लेन्स परत करता येते गं.

नलिनी : गुरुवारी यांनी मला गाडीने बिट्टन मार्केटला नेलं, भाजी आणायला. वळणावर तो स्कूटरवाला आमच्या दारावर हात आपटून ओरडत गेला. हे म्हणाले, तोच उलट्या बाजूने आला.

योगिनी : आई.

नलिनी : स्कूटरवर त्याच्यापुढे लहान मुलगी उभी होती, योगिनी. पिवळा फ्रॉक.

मनोहर : मुलगी होती?

नलिनी : होती.

मनोहर : मला फक्त स्कूटर दिसली. तीही अगदी शेवटी.

योगिनी : गाडीची किल्ली द्या.

मनोहर : खुंटीला आहे. घे. मग कॅमेराही घेऊन जा. मी आता गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हॉर्न ऐकतो.

योगिनी : असं बोलू नका. नीट ऐका. मी डॉक्टर नाही, उजव्या डोळ्याचं मला काही सांगता येणार नाही. पण डाव्यातलं हे वाकणं कालच सुरू झालंय. आमच्या कॉलेजातल्या मिलिंदच्या सासऱ्यांना असंच झालं होतं, रेषा वाकड्या दिसायच्या. ते लगेच गेले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, पण होतं तेवढं टिकलं. अजून पत्ते खेळतात.

मनोहर : होळीनंतर जाऊ. प्रदर्शन एकदा होऊ दे.

योगिनी : होळीपर्यंत डावाही उजव्यासारखा झाला तर?

मनोहर : डोळ्यात सुई घालतात?

योगिनी : बधिर करून घालतात. मी असेन तिथे. डॉक्टर आत्ता आहेत का ते विचारते, तोवर तुम्ही शर्ट बदला.

(योगिनी फोन घेऊन गॅलरीत जाते.)

नलिनी : निळा शर्ट घाला. त्याला बटणं मोठी आहेत.

मनोहर : नलिनी, काल ती बाई पडताना मला दिसली. म्हणजे तो हात खाली जाताना दिसला. वाटलं, नमस्काराला वाकली.

नलिनी : पुरे आता.

मनोहर : तू होतीस ते कळलं असतं, तर…

नलिनी : कळतंय मला. एक विचारू? दिवाळीपासून तुम्ही बोलताना माझ्या कानाकडे बघता.

मनोहर : तुझ्या लक्षात आलं होतं?

नलिनी : न यायला काय झालं? वाटायचं, माझं तोंड बघायचा कंटाळा आलाय यांना. संक्रांतीला मोत्याच्या कुड्या काढून घातल्या. म्हटलं, कानच बघतात तर निदान कुड्या तरी बघतील. त्यावरही काही बोलला नाहीत.

मनोहर : मी कान बघत नव्हतो. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू पुसली जातेस. कानाकडे बघितलं की चेहरा बाजूने दिसतो. तेवढी एकच जागा सापडलीये मला.

नलिनी : अजून दिसतो?

मनोहर : डाव्याने. अजून.

नलिनी : मग बघा ना कानाकडे.

मनोहर : जरा उजेडाकडे हो. हं. रडतेस तू.

नलिनी : रडत नाहीये. कांदा चिरत होते आत.

मनोहर : एका हाताने?