पारूकाकूंची म्हैस आणि सून

हल्ली पेंडेची पोती फोनवरच मागवतात हो. पूर्वी गिऱ्हाईक माझ्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात बसून चहा प्यायचं आणि घरचं सगळं बोलायचं. वडणग्याच्या पारूकाकू तर चहा यायच्या आधीच सुरू व्हायच्या. एकदा मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या.

"शेठजी, चांगली पेंड द्या. म्हस गाभडली माझी, पोटातलं रेडकू गेलं."

"कशानं वो?"

"अंगात ते गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडलं म्हणतोय डॉक्टर. मुक्या जनावराचा काय दोष?" मग सुनेकडं वळल्या. "आणि ही बघा! दोनदा पोटातलं गेलं. आता परत दिवस हायत, पर हिचा पायगुणच वंगाळ."

सून माझ्यासमोर कधी बोललेली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "आत्ती, माझंबी तेच कमी पडलंय. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात. गडीमाणसाच्या अंगातबी ते असतंय म्हणं. कमी-जास्त कुणाचंबी होतंय."

मी गुपचूप पोतं बाहेर काढलं. सवयीनं सून एक टोक धरायला वाकली, तशा काकू पोरावर कडाडल्या, "बघतोस काय मुडद्या? उचल की एकट्यानं! तिला हात लावू दिलास तर बघ!"